रेसचा घोडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घोड्यांचा डॉक्टर. नोकरीची सुरुवातीची काही वर्षं रेसच्या तबेल्यांत गेली. आता वरातीचे, टांग्याचे, रायडिंग स्कूलचे घोडे बघतो. लग्नाच्या पंगतीत कुणाला हे कळलं की हमखास दोन प्रश्न येतात: ‘रविवारी कुठला लावू?’ आणि ‘पाय मोडला की खरंच गोळी घालतात का हो?’ पहिल्याचं उत्तर मला कधीच आलं नाही. दुसऱ्याचं देता देता आणखी पंधरा प्रश्न निघतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

शर्यतीत घोडे खरंच मरतात का, की हा प्राणिमित्रांचा कांगावा आहे?

मरतात. याचा हिशोब अमेरिकेत बऱ्यापैकी नीट ठेवतात. एक घोडा एका शर्यतीत उतरला की ती एक धाव धरतात. २००९ साली तिथे दर हजार धावांमागे २ घोडे मरत होते. २०२२च्या जुलैपासून ‘हायसा’ नावाची देशपातळीवरची नियामक संस्था काम करू लागली, आणि तिच्या देखरेखीखालच्या मैदानांवर २०२४ साली हा आकडा ०.९० वर आला.

हजारात एक म्हणजे किरकोळ, असं वाटतं ना? मग ५० घोड्यांचा एक तबेला डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक घोडा आयुष्यात २० वेळा धावला तर झाल्या हजार धावा. म्हणजे सगळी काळजी घेऊनही त्या ५० जणांतला एक मैदानावरून परत येत नाही. यात सकाळच्या सरावात मेलेले धरलेले नाहीत. पोटशूळ होऊन गेलेले नाहीत, आणि लंगडा झाला म्हणून विकून टाकलेले तर नाहीतच.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. पंधरा वर्षांत आकडा निम्म्याहून खाली आला, तो नियम कडक केल्यावर आणि तपासण्या वाढवल्यावर. म्हणजे २००९ साली मेलेल्यांपैकी निम्मे घोडे वाचवता आले असते. त्यांच्या मरणाला ‘दैव’ म्हणायची सोय आता उरलेली नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा अनिता मैदानावर डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका हंगामात ३० घोडे गेले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना जाग आली. २०२३ साली केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या गाजलेल्या शर्यतीच्या आगेमागे, ती जिथे होते त्या चर्चिल डाउन्स मैदानावर १२ घोडे मेले आणि शर्यती दुसऱ्या मैदानावर हलवाव्या लागल्या. आपल्या क्लबांनी असा आकडा दरवर्षी मैदानागणिक छापावा, ही माझी पहिली मागणी. रेसच्या पुस्तकात घोड्याच्या आईबापाचं नाव, वजन, मागच्या पाच धावा सगळं छापता. ही एक ओळ काही जड नाही.

पाय मोडला की मारतातच का? माणसासारखं प्लास्टर का घालत नाहीत?

प्रत्येक मोडलेला पाय म्हणजे मरण नव्हे, हे आधी सांगतो. हाडाचा कपचा उडाला असेल, सरळ चीर गेली असेल, तर स्क्रू घालून घोडा बरा होतो. कधी कधी परत धावतोही. प्रश्न येतो तो हाडाचा चुरा होतो तेव्हा, किंवा हाड कातडी फाडून बाहेर येतं तेव्हा.

त्यासाठी घोड्याचा पाय बघायला हवा. आपण ज्याला त्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट. त्याच्या खालचा सगळा भाग म्हणजे एक लांबलेलं बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. चार नखांवर उभा असलेला साडेचारशे-पाचशे किलोंचा प्राणी. मनगटाच्या खाली मांस जवळपास नाहीच: हाड, त्यावर दोरखंडासारखे कंडरे, वर पातळ कातडी. रक्तपुरवठा बेताचा. अशी जागा सांधायला वेळ लागते आणि चिघळायला लागत नाही.

घोडा चौखूर उधळलेला असतो तेव्हा एक क्षण असा येतो की सगळा भार पुढच्या एकाच पायावर असतो, आणि तो भार त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट होतो. म्हणजे हजार-बाराशे किलो, वेग ताशी ६० किलोमीटर, आणि खाली आपल्या मनगटाहून बारीकच हाड. ते फुटतं तेव्हा चहाचा कप फरशीवर पडल्यासारखं फुटतं.

बरं, शस्त्रक्रिया केली. पुढे? माणसाला सांगता येतं, तीन महिने पलंगावर पडून राहा. घोडा फार काळ आडवा राहू शकत नाही. स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुफ्फुसं दबतात, कातडीला जखमा होतात, आतडी थंडावतात. म्हणून त्याला उभं राहावंच लागतं. दुखरा पाय तो उचलून धरतो आणि सगळा भार शेजारच्या चांगल्या पायावर येतो. काही आठवड्यांत त्या चांगल्या पायाच्या खुरातलं हाड ज्या पडद्याने खुराच्या भिंतीला धरलेलं असतं, तो पडदा सुटू लागतो. याला लॅमिनायटिस म्हणतात. नख मुळापासून उपटतंय आणि त्याच नखावर उभं राहायचंय, अशी ती वेदना.

बार्बारोचं उदाहरण जगभर गाजलं. २००६ची केंटकी डर्बी जिंकलेला हा घोडा दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत सुरुवातीलाच मोडला. मागच्या उजव्या पायाचे वीसहून जास्त तुकडे झाले होते. धातूची पट्टी आणि २७ स्क्रू घालून पाय उभा केला. उत्तम इस्पितळ, मालकांकडे पैसाही होता आणि जीवही होता घोड्यावर. आठ महिने झुंज चालली. मोडलेला पाय बराचसा सांधला. पण डाव्या पायाला लॅमिनायटिस झाला, पुढे पुढच्या दोन्ही पायांना, आणि २९ जानेवारी २००७ला त्याला शांत करावं लागलं. म्हणून सांगतो, काही वेळा मैदानावरच दिलेलं इंजेक्शन ही दया असते. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६० सालच्या कायद्यातही, ज्याला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्याला वेदनामुक्त करायची तरतूद आहे.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शिकाऊ होतो. घोड्याभोवती हिरवं कापड धरायला चार माणसं लागतात, त्यातलं एक टोक माझ्या हातात होतं. घोडा ओरडत नव्हता. घोडे वेदनेने ओरडत नाहीत, कळपातल्या सावजाने ओरडून चालत नाही. तो तीन पायांवर तोल सावरत, लोंबणारा खूर पुन्हा पुन्हा जमिनीवर टेकवून बघत होता. त्याचा सईस, म्हणजे त्याची देखभाल करणारा माणूस, त्याच्या नाकाला गाल लावून उभा. कापडाच्या पलीकडे लाउडस्पीकरवर पुढच्या शर्यतीचे भाव चालू होते. सहा मिनिटं लागली सगळ्याला. पुढची शर्यत वेळेवर सुटली.

पण पाय मोडणं हा अपघातच ना? कुणी मुद्दाम थोडंच मोडतं?

मुद्दाम कुणी मोडत नाही. पण अपघात हा शब्दही मला पटत नाही. कॅलिफोर्नियात १९९० पासून मैदानावर मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन सक्तीने होतं. त्यातून निघालं ते असं: ज्या हाडाने दगा दिला, त्या जागी आधीपासून बारीक चिरा किंवा झीज होती, आणि हे बहुतेक घोड्यांत. दहातल्या साधारण नऊ जणांत म्हणा. म्हणजे हाड ‘अचानक’ मोडलं नाही. ते काही आठवडे सांगत होतं. घोडा किंचित आखडून चालत होता, एका वळणावर आत झुकत होता, चंदी, म्हणजे रोजचा दाणा, थोडी उरवत होता.

हाड जिवंत असतं. दौडीचा ताण आला की ते जुना भाग पोखरून काढतं आणि नवा, दणकट भरतं. पोखरणं आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. या मधल्या काळात हाड सच्छिद्र असतं आणि नेमका तेव्हाच पुढच्या शर्यतीचा दिवस येतो. सँटा अनिताला २०१९च्या अखेरीस उभ्या घोड्याच्या सांध्याचा पेट स्कॅन करणारं यंत्र बसवलं, त्यात अशी तापलेली जागा एक्स-रेच्या आधी दिसते. तंत्रज्ञान आहे. पण घोडं पेंड खातं ते इथेच: स्कॅनमध्ये डाग दिसला तर चार महिने विश्रांती, आणि हंगाम असतो पाच-सहा महिन्यांचा. मालक दर महिन्याला तबेल्याचं बिल भरतोय. ट्रेनरला पुढच्या वर्षी घोडे मिळायला हवेत. यातला कुणीही दुष्ट नसतो, आणि तरी घोडा धावतो.

दोन वर्षांच्या शिंगराला पळवणं हीच क्रूरता नाही का?

इथे माझे प्राणिमित्र मित्र माझ्यावर रागावतात. दोन वर्षांच्या घोड्याचा सांगाडा पुरता भरलेला नसतो हे खरंच. पाठीच्या मणक्यांना तर पाच-सहा वर्षं लागतात. शिवाय उत्तर गोलार्धात सगळ्या रेसच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर तीन महिने थोरलं असतं.

पण लहान वयात थोडा, छोट्या अंतराचा, वेगाचा ताण मिळाला तर हाड जास्त मजबूत होतं, असंच बरंचसं संशोधन सांगतं. चार वर्षांपर्यंत कोंडून ठेवून एकदम पळवला तर तो लवकर मोडेल. तेव्हा वय हा एकच दोषी नव्हे. दोष घाईचा. नडगी दुखायला लागली की तो शरीराने दिलेला इशारा असतो. त्यावर थांबायचं, की बर्फ आणि औषध लावून पुढे रेटायचं? आपली इंडियन डर्बी फेब्रुवारीत मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर होते ती चार वर्षांच्या घोड्यांची, इंग्लंड-अमेरिकेतल्या डर्बी तीन वर्षांच्या. हे आपल्याकडचं एक बरं म्हणायचं. फक्त त्याआधीच्या दोन हंगामांत त्याच घोड्याने काय काय केलं, तेही विचारायचं.

घोड्याला धावायला आवडतंच की! कुणी ढकलत नाही त्याला.

आवडतं. सकाळी मोकळ्या कुरणात सोडलेली घोडी शेपटी वर करून कशी उधळतात ते पाहिलंत तर दिवस चांगला जातो. मात्र ती किती वेळ पळतात तेही बघा. दोनशे-तीनशे मीटर, एक गिरकी, फुरफुर, आणि मान खाली घालून चरायला सुरुवात. घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. त्याचं पोट त्यासाठीच बनलंय. आम्ल सतत पाझरत असतं आणि सतत येणारा चारा ते झेलतो.

रेसच्या घोड्याचा दिवस बघा. पहाटे तास-दीड तास बाहेर, उरलेला वेळ बारा-बाय-बाराच्या खोलीत. भरपूर दाणा, कमी वैरण, कारण पोट सुटलेलं चालत नाही. तालमीतल्या रेसच्या घोड्यांना दुर्बीण घालून तपासलं की दहातल्या आठ-नऊंच्या जठरात व्रण सापडतात. माझ्या ओळखीच्या एका तबेल्यात एक काळसर तांबडा घोडा होता. दाराच्या लाकडी चौकटीवर वरचे दात रोवून तो हवा गिळायचा, दिवसभर. चौकटीला अर्धचंद्राच्या आकाराचा खळगा पडला होता, हात ठेवावा इतका गुळगुळीत. त्याचा सईस त्याला ‘सुतार’ म्हणायचा. लोक हसायचे. मीही हसलोय. रानात मोकळ्या राहणाऱ्या घोड्यांत ही सवय दिसत नाही, कुरणातल्यांत क्वचितच.

तर धावायला आवडतं, हे मान्य. केव्हा धावायचं, किती, कुणाला पाठीवर घेऊन, आणि पाय दुखत असताना थांबायचं का, यातलं काही त्याच्या हातात नाही.

चाबूक लागतो का? आता मऊ चाबूक आलेत म्हणे.

आलेत, फोमचं आवरण असलेले. आवाज जास्त, वळ कमी. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली घोड्याची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिली. वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांची संख्या दोघांत सारखीच निघाली. घोड्याची कातडी जाड असते म्हणून त्याला लागत नाही, हे म्हणणं तिथे संपलं. अर्थात माशी बसली तरी जो कातडी थरथरवतो त्याला चाबूक कळत नाही, असं कुणाला का वाटावं, हे मला विद्यार्थी असल्यापासून कोडं आहे.

नॉर्वेने १९८२ सालीच चाबूक मारायला बंदी घातली. तिथे शर्यती अजून होतात. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे, आणि त्यापलीकडे फार गेलं तर घोडाच बाद होतो. यातली खोच अशी की चाबूक चालतो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, म्हणजे घोडा सगळ्यात जास्त थकलेला आणि पाय सगळ्यात जास्त डळमळीत असताना. तरीही चाबूक हा माझ्या यादीत वरचा मुद्दा नाही. तो दिसतो म्हणून त्यावर बोललं जातं.

नाकातून रक्त येतं म्हणतात, आणि औषधं देऊन पळवतात?

पूर्ण वेगात धावताना फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांवर इतका दाब येतो की त्या फुटतात. एका शर्यतीनंतर लगेच दुर्बीण घातली तर निम्म्याहून जास्त घोड्यांच्या श्वासनलिकेत रक्त दिसतं. नाकातून ओघळ येतो तो फार थोड्यांना. त्यासाठी अमेरिकेत वर्षानुवर्षं शर्यतीच्या दिवशीच ‘लॅसिक्स’ टोचत. त्याने लघवी होऊन घोड्याचं दहा-एक किलो वजनही उतरतं, म्हणून रक्त न येणाऱ्यांनाही टोचत. आता तिथेही निर्बंध आलेत.

त्याहून वाईट म्हणजे वेदनाशामकं. सांध्यात स्टेरॉइड सोडलं की सूज उतरते, घोडा सरळ चालतो, आणि हाड ओरडून जे सांगत होतं ते ऐकू येईनासं होतं. २०२० साली अमेरिकेत पोलिसांनी ट्रेनर आणि पशुवैद्यांचं एक मोठं जाळंच पकडलं. त्यातल्या एका नामवंत ट्रेनरला पाच वर्षांची शिक्षा झाली. माझ्याच व्यवसायातले लोक त्यात होते. यावर जास्त लिहवत नाही.

पण रेसच्या घोड्याची बडदास्त बघा! टांग्याच्या घोड्यापेक्षा हजारपट बरा.

अगदी खरं. दिवसातून दोनदा खरारा, वेळेवर नालबंद, स्वच्छ पाणी, पंखा, ताप आला तर अर्ध्या तासात डॉक्टर. टांग्याच्या घोड्याच्या मांडीवर पट्ट्याने पडलेला घट्टा मी साफ करतो तेव्हा मला हेच आठवतं. फक्त ही बडदास्त किती वर्षं? घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. रेसमध्ये तो असतो चार-पाच वर्षं, फार तर सहा.

मग रेस संपल्यावर घोडे जातात कुठे?

ज्या प्रश्नासाठी हे पान लिहायला घेतलं तो हा.

मोठ्या शर्यती जिंकलेले थोडे नर आणि बऱ्याचशा माद्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. काही रायडिंग स्कूलला, काही पोलोला. त्यांचं बरं चालतं. उरलेल्यांची वाट खाली खाली जाते. एक हात, दुसरा हात, तिसरा हात. दर वेळी किंमत कमी, दर वेळी वैरणीला पैसा कमी.

पुण्यामुंबईच्या इतिहासात या वाटेला एक विलक्षण फाटा आहे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचून त्याच्या रक्तातून धनुर्वाताची, सर्पदंशाची लस-औषधं बनवतात. घोडे आपले, तर सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे करोनाच्या वेळी आपल्यातल्या बहुतेकांनी दंडाला जी लस टोचून घेतली, तिच्या कारखान्याची मुळं कुठेतरी लंगड्या झालेल्या रेसच्या घोड्यापर्यंत जातात. सीरमसाठी ठेवलेल्या घोड्याचं आयुष्य सुखाचं असतंच असं नाही, वर्षानुवर्षं त्याचं रक्त काढलं जातं. पण शेतात फुरसं चावलेला माणूस वाचतो, हेही आहे.

बाकीचे वरातीत येतात, किंवा माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवर घेतात. दोन वर्षांपूर्वी एका लग्नसराईत मला रात्री फोन आला, घोडी बुजून डीजेच्या गाडीला धडकली होती. अंगावर जरीची झूल, डोक्याला तुरा, पायात घुंगरू. झूल बाजूला केली तर खाली लांब, उभट बरगड्या आणि हातभर पातळ पाय. पुढच्या दोन्ही नळ्यांवर बारीक ठिपक्यांच्या ओळी, कंडऱ्याला डाग दिल्याच्या. हा उपचार कुठला ते मला चांगलं माहीत होतं. मालकाला विचारलं, घोडी कुठून आणली? म्हणाला, ‘साहेब, रेसची आहे, फर्स्टक्लास माल, पंधरा हजारात मिळाली.’ फटाका फुटला की ती जागच्या जागी थिजायची आणि मग पुढे झेपावायची. शर्यत सुटताना गेट उघडण्याच्या आवाजावर झेपावायचं, हेच तिला शिकवलेलं होतं.

२०२५च्या उन्हाळ्यात हैदराबादहून ५७ घोडे मध्य प्रदेशात जबलपूरजवळच्या एका गावी नेण्यात आले. त्यातले आठ पहिल्या काही दिवसांतच मेले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ऑस्ट्रेलियात २०१९ साली टीव्हीवाल्यांनी कत्तलखान्यातलं छुपं चित्रण दाखवलं, त्यात रेसचे घोडे ओळखू येत होते. नंतर तिथल्या राज्यांना निवृत्त घोड्यांसाठी नियम आणि पैसे बाजूला काढावे लागले. प्रत्येक धावेमागे, प्रत्येक बक्षिसातून थोडी रक्कम घोड्याच्या नावाने जमा करायची आणि तो मरेपर्यंत त्याचा ठावठिकाणा नोंदवायचा, एवढंच. जन्माची नोंद इतकी चोख ठेवणाऱ्या धंद्याला मरणाची नोंद जमणार नाही, हे मी मानत नाही.

बैलगाडा शर्यतींवर बंदी आली होती, घोड्यांवर का नाही आली? श्रीमंतांचा खेळ म्हणून?

जुन्नर-खेड-आंबेगावच्या पट्ट्यात मला हा प्रश्न हमखास येतो, आणि तोही तावातावाने. कायद्याचं उत्तर असं: क्रूरताविरोधी कायद्याच्या २२व्या कलमाखाली केंद्राने ११ जुलै २०११ला एक अधिसूचना काढली. त्यातल्या प्राण्यांचे खेळ करायला बंदी: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह आणि बैल. घोडा त्या यादीत नाही. त्याच आधारावर ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने जलीकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या. बैल हा अंगाने पळणारा प्राणी नाही, घोडा आहे, असाही एक युक्तिवाद झाला. पुढे महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात बदल केला, १६ डिसेंबर २०२१ला शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने तो बदल वैध ठरवला.

आणि घोड्याला १९९६च्या निकालाचं कवच आहे. तमिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही. पण नीट वाचा: तो खटला पैशांचा होता. पैज लावणाऱ्याचं डोकं चालतं की नशीब, एवढाच वाद. घोड्याला काय होतं, हा प्रश्न त्यात नव्हताच.

तर श्रीमंतांचा खेळ म्हणून सूट मिळाली का? कागदावर तसं कुठे लिहिलेलं नाही. पण घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या धावपट्टीवर, बैलाला पराणी टोचणारा हात लगेच दिसतो आणि क्लबातलं इंजेक्शन दिसत नाही, यात काहीच तथ्य नाही असं मी गाडामालकांना सांगू शकत नाही. उलट त्यांनाही एक विचारतो: तुमच्या घाटात गाड्यापुढे जी घोडी पळते, तिचा नियम कुठल्या कागदावर आहे?

दंड किती होतो?

१९६०च्या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. नाही, शून्य राहिलेलं नाही. पन्नास रुपयेच.

तुमचं मत काय? बंद करायच्या का शर्यती?

दहा वर्षांपूर्वी मी ‘सुधारा’ म्हणत होतो. आता म्हणतो, चार गोष्टी करून दाखवा, नाहीतर बंद करा: मेलेल्या आणि जायबंदी झालेल्यांचा आकडा जाहीर करा, प्रत्येक मृत्यूचं शवविच्छेदन बाहेरच्या डॉक्टरकडून, शर्यतीआधी घोडा थांबवण्याचा अधिकार अशा पशुवैद्याला ज्याचा पगार मालक देत नाही, आणि निवृत्तीचा पैसा आधीच बाजूला. यातलं काहीही अशक्य नाही, सगळं जगात कुठे ना कुठे चालू आहे. याने खेळ परवडेनासा होतो असं कुणी म्हणालं, तर तो आजवर कुणाच्या जिवावर परवडत होता ते उघडच झालं.

आणि सईसांचं काय? त्यांची पोटं त्यावर आहेत.

ज्यांना घोडा खरा कळतो ती हीच माणसं. पहाटे चारला उठतात, घोड्याच्या शेजारच्या खोलीत झोपतात, पगार तुटपुंजा. घोडा आज दुखतोय हे त्यांना माझ्या आधी कळतं, त्याच्या श्वासावरून. पण सांगायचं कुणाला? एका सईसकाकांनी मला एकदा हळूच बाजूला घेऊन सांगितलं, ‘डॉक्टरसाहेब, डावा पुढचा गरम लागतोय, पण माझं नाव घेऊ नका.’ मी नाव घेतलं नाही. घोडा थांबवला. पुढच्या महिन्यात त्यांना दुसऱ्या तबेल्यात काम शोधावं लागलं, का ते कुणी बोललं नाही. निवृत्त घोड्यांची केंद्रं निघाली तर पहिला हक्क या लोकांचा. आणि रेस चालू राहणार असेल तर सईसाचा शब्द नोंदवहीत, त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने, रोज.

रस्त्यावर जखमी किंवा लंगडणारा घोडा दिसला तर काय करू?

आधी मागून जाऊ नका, लाथ बसते. डोळ्यांसमोरून, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. पाणी द्या. चारा देऊ नका, पोटशूळ असेल तर वाढतो. पाय लोंबत असेल तर त्याला चालवू नका, गाडीत चढवायचा प्रयत्नही करू नका. फोनवर व्हिडिओ घ्या, त्यात घोडा चालताना दिसू दे, नुसती जखम नको. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ लावा, मारहाण चालू असेल तर ११२. वरातीत घोडी थकलेली दिसली तर नवरदेवाच्या मामाला गाठा. वऱ्हाडात त्याचंच ऐकतात. घोडीला अर्धा तास डीजेपासून लांब उभी करा, लगामाची कडी सैल करा, आणि ती मान खाली सोडते का ते बघा. मान सोडली की समजा, जरा बरं वाटतंय.